कॅमेऱ्याला डोळा लावायची जागा परत द्या : कॅमेरा कंपन्यांना खानदेशातून खुलं पत्र

प्रति,
कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचे आराखडे करणारे अभियंते आणि त्यांना मंजुरी देणारे अधिकारी,
कॅनन, निकॉन, सोनी, पॅनासॉनिक, फुजीफिल्म, रिको आणि इतर सर्व कंपन्या

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगतो, कारणं नंतर. खिशात मावेल आणि साध्या माणसाला परवडेल असा एक डिजिटल कॅमेरा काढा, ज्याला डोळा लावून बघायला काचेचा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर असेल. त्याच्यात वीज नको, पडदा नको. समोर जे आहे ते डोळ्याला थेट दिसलं पाहिजे, एवढंच.

मी रावेर तालुक्यात फोटोग्राफीचा धंदा करतो. लग्नसराईत लग्नं, एरवी शाळांचे कार्यक्रम, साखरपुडे, आणि वर्षभर केळीच्या बागा. बागेचे फोटो आमच्याकडे हौसेपोटी काढले जात नाहीत. करपा आला, सीएमव्ही या विषाणूने पानांवर पिवळे पट्टे पडले, वादळात उभी बाग आडवी झाली, की फोटो लागतोच. कृषी खात्याला दाखवायला लागतो, विम्यासाठी लागतो, रोपं विकणाऱ्याकडे दाद मागायला लागतो. मृगबाग असो की कांदेबाग (केळी लागवडीचे हे आमचे दोन हंगाम), शेतकऱ्याचा वर्षभराचा पैसा त्या झाडांत अडकलेला असतो. म्हणून फोटोत रोग कुठल्या पानावर आहे, किती झाडं मोडली, बांध कुठे आहे, हे सगळं नीट चौकटीत यावं लागतं. अशा कामाला मोटरसायकलवरून, ओल्या सरीतून, केळीचा चीक अंगावर घेत जायचं असतं. लग्नाचा मोठा कॅमेरा तिथे नेणं म्हणजे त्याची माती करणं. खिशातला कॉम्पॅक्टच तिथे कामाचा.

आणि तिथेच तो हात टेकतो. दुपारी बारा वाजता मागचा पडदा दिसत नाही.

यात माझ्या तक्रारीचा भाग थोडा, हिशेबाचा भाग जास्त आहे, म्हणून हिशेबच मांडतो. उन्हाळ्यातल्या दुपारी थेट उन्हाचा उजेड लाखभर लक्सपर्यंत जातो (लक्स हे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप, आणि निट हे वस्तू किती चमकते त्याचं). त्या उन्हात माझ्या अंगातला पांढरा सदरा साधारण २५,००० निट्सने चमकत असतो. साध्या काचेच्या पृष्ठभागावरून जवळपास ४ टक्के उजेड परत फिरतो, म्हणजे पडद्यावर माझ्याच सदऱ्याचं हजारभर निट्सचं प्रतिबिंब पडतं. स्वस्त कॉम्पॅक्टच्या पडद्याचा स्वतःचा उजेड काहीशे निट्सचा. काचेवर लेप दिला तर प्रतिबिंब कमी होतं, हे खरं. पण त्यावर घामाचं बोट लागलं, धूळ बसली, की लेपाचा फायदा गेला. चित्र पडद्यावर असतं, पण त्याच्यावर माझा सदरा, माझी टोपी आणि सगळं आभाळ बसलेलं असतं.

यातली सगळ्यात अडचणीची गोष्ट अशी की फोटोग्राफीचा पहिला धडाच आपल्याविरुद्ध जातो. सूर्य पाठीशी ठेवा, म्हणजे समोरच्यावर उजेड नीट पडेल, हे प्रत्येक नवशिक्याला सांगितलं जातं. सूर्य पाठीशी ठेवला की तो थेट मागच्या पडद्यावर पडतो. ज्या दिशेने फोटो चांगला येतो, त्याच दिशेने पडदा सगळ्यात वाईट दिसतो. मग फोटोवाला एक हात कॅमेऱ्यावर आणि दुसरा पडद्यावर छपरासारखा धरून उभा राहतो, किंवा रुमालात तोंड घालतो. मी हे रोज बघतो. कृषी सहायक, तलाठी, शाळेतले गुरुजी, सगळे अंदाजाने बटण दाबतात आणि सावलीत गेल्यावर बघतात की घड अर्धा कापला गेलाय.

आता तापमानाचं बघा. तुमच्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानांवर कामाचं तापमान दिलेलं असतं : ० ते ४० अंश सेल्सिअस. जळगाव, भुसावळ, रावेर, यावल या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि तो आकडा सावलीतल्या हवेचा. उन्हात धरलेल्या काळ्या कॅमेऱ्याचं अंग त्याहून कितीतरी तापलेलं असतं. अशा वेळी पडदा सतत पेटता ठेवायला लावणं म्हणजे तापलेल्या यंत्राला आतूनही तापवणं, आणि बॅटरी दुपारच्या आत संपवणं. ज्या कॅमेऱ्याला काचेचा व्ह्यूफाइंडर होता त्याचा पडदा एक बटण दाबून बंद करता यायचा. कॅमेरा थंड राहायचा, बॅटरी बराच वेळ पुरायची. वापरून बघितलेल्या कुणालाही विचारा.

तुम्हाला हे माहीत नाही असं मी समजत नाही, कारण हे कॅमेरे तुम्हीच बनवत होतात. १९९५ साली कॅसिओचा क्यूव्ही-१० पाठीवर छोटा एलसीडी घेऊन आला, त्याला वेगळा व्ह्यूफाइंडर नव्हता. तरी त्यानंतर दहा-बारा वर्षं बहुतेक कंपन्यांच्या साध्या कॅमेऱ्यांना वरच्या बाजूला ती छोटी काचेची खिडकी असायची. आमच्या भागात कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेतले कॅमेरे बरेच फिरले. २००८ चा ए५९० आयएस आणि २००९ चा ए११०० आयएस, दोन्हींना व्ह्यूफाइंडर होता आणि दोन्ही दोन एए सेलवर चालायचे, जे सेल गावातल्या किराणा दुकानात मिळतात. त्या व्ह्यूफाइंडरच्या शेजारी दोन बारीक दिवे असायचे. बटण अर्धं दाबलं, हिरवा दिवा लागला, म्हणजे फोकस झाला. डोळा काचेला लावलेला असतानाच डोळ्याच्या कडेला तो हिरवा ठिपका दिसायचा. पडद्याची गरजच नसे. ज्याने ही गोष्ट सुचवली त्या अभियंत्याला माझा नमस्कार पोचवा.

मग एकेक करून ही खिडकी बंद होत गेली. निकॉनच्या पी७००० (२०१०) आणि पी७१०० (२०११) ला ती होती, २०१२ च्या पी७७०० ला नव्हती. कॅननच्या जी मालिकेने २०१३ च्या जी१६ पर्यंत सांभाळली, २०१४ च्या जी७ एक्सला ती दिलीच नाही. फुजीफिल्मच्या एक्स१० (२०११) आणि एक्स२० (२०१३) मधला व्ह्यूफाइंडर झूमबरोबर हलायचा, चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग दाखवायचा आणि एक्स२० मध्ये तर काचेतच शटरचा वेग वाचता यायचा. २०१४ च्या एक्स३० मध्ये त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक आला. झूमच्या चांगल्या कॉम्पॅक्टपुरतं बोलायचं तर २०१४ साली हा विषय तुम्ही जवळजवळ मिटवून टाकलात.

तुमची कारणं मी समजून घेतली आहेत. ती खोटी नाहीत. त्या काळी पडदे पावणेदोन-दोन इंचांवरून तीन इंचांवर गेले आणि पाठीवर जागा उरली नाही. झूम तीनपटीवरून दहापट, वीसपट झाला. काचेच्या व्ह्यूफाइंडरचा झूम लेन्सबरोबर दातेरी यंत्रणेने हलवावा लागतो, तो एवढा ताणता येत नाही, आणि लेन्सची नळी मोठी झाली की तीच चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात येऊन उभी राहते. छोट्या खिडकीतून चौकटीचा ७५ ते ८५ टक्केच भाग दिसतो. लेन्स आणि खिडकी वेगवेगळ्या जागी असल्याने जवळच्या वस्तूची जागा चुकते. कॅमेरा पातळ करायचा, किंमत उतरवायची, तर बारीक भिंगं आणि प्रिझमचा हा संच आधी काढला जाणार, हे ओघानेच आलं.

पण या अडचणी आम्हाला कधी भारी पडल्या नाहीत. फोटोत दिसलं त्यापेक्षा थोडं जास्त येतं, हे एक-दोन दिवसांत हाताला कळतं, आणि पुराव्याच्या फोटोत थोडं जास्त आलेलं कुणाला नको असतं? कडेचं नंतर कापता येतं. जे आलंच नाही ते जोडता येत नाही. पानावरचा ठिपका जवळून टिपायचा असेल तर पानाच्या सावलीत पडदा चालू करावा. तेवढ्यापुरता पडदा उत्तम आहे, मी पडद्याच्या विरोधात नाही. आणि वीसपट झूम केळीच्या बागेत कशाला लागतो? दोन ओळींत पाच-सहा फूट अंतर असतं.

मोठ्या कॅमेऱ्यांकडे जा, असंही सांगून चालणार नाही. डीएसएलआरमध्ये काचेतून बघता येतं, पण कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आपला सगळा भर आता मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या आणि पडद्यावरच बघायच्या कॅमेऱ्यांवर दिला आहे. तिथेही काच मागे पडते आहे.

आता इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरचं. तो तुम्ही काही कॉम्पॅक्टना दिलात, सोनीच्या आरएक्स१०० च्या तिसऱ्या मॉडेलमध्ये २०१४ साली तो वर उडी मारून बाहेर यायचा, कॅननच्या जी५ एक्समध्ये २०१५ साली आला. त्याचे गुण मी मान्य करतो. पूर्ण चौकट दिसते, उजेड जास्त-कमी झाला तर आधीच कळतं, जवळचा फोटो चुकत नाही. पण तो महाग कॅमेऱ्यांनाच मिळाला. तो बॅटरी खातो. लाख लक्सच्या उन्हातून डोळा त्या छोट्या पडद्यावर नेला की काही क्षण अंधारी आल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्यात समोरचं घडून जातं. शिवाय डोळा लावायची बाजू सूर्याकडे ठेवू नका, आतला पडदा जळेल, अशी सूचना तुम्हीच पुस्तिकेत देता. आमच्याकडे कॅमेरा बांधावर, टाकीवर, मोटरसायकलच्या सीटवर ठेवला जातो. सूर्य कुठे नसतो?

बागेबाहेरचंही थोडं सांगतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी-सुना माहेरी येतात, कडुलिंबाच्या झाडाला झोके बांधले जातात, गाणी होतात. झोका वर गेला की तिथे क्षणभर थांबतो, त्या क्षणाला बटण दाबायचं. काचेतून बघताना झोका आत्ता जिथे आहे तिथेच दिसतो. पडद्यावर तो थोडा उशिरा पोचतो, आणि भर वैशाखात तो पडदाही दिसत नसतो. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे पळवून दाखवतात, तिथेही तेच. नाचणारा घोडा चौकटीत ठेवायचा तर कॅमेरा कपाळाला टेकलेला हवा, कोपरं बरगडीला लावलेली हवीत. हात पुढे लांबवून धरलेला कॅमेरा घोड्याबरोबर फिरवून बघा, फोटो हलतोच.

आणि अगदी उलटी वेळ म्हणजे रात्र. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची होळी असते, सातपुड्यातले हजारो आदिवासी बांधव रात्रभर जमतात, नाचतात आणि पहाटे होळी पेटते. मोरपिसांचे टोप, कमरेचे घुंगरू, ढोल. पेटण्याआधीच्या अंधारात शेकडो पडदे चमकत असतात. त्या उजेडाने फोटो काढणाऱ्याचे डोळे दिपतात, मागच्यांचं बघणं मोडतं, आणि जे लोक आपला सण करायला आलेत त्यांच्या तोंडावर निळा उजेड पडतो. काचेच्या व्ह्यूफाइंडरने कुणालाच त्रास होत नाही. तिथे मी पडदा बंद करून फोटो काढलेले आहेत आणि शेजारच्या म्हातारबाबांना मी कॅमेरा लावलाय हेही कळलं नव्हतं. नंतर त्यांना फोटो दाखवला, त्यांची परवानगी घेतली, मगच ठेवला.

आता वयाचं. चाळिशी लागली की जवळचं धूसर होतं, हे जपानमध्ये असेल, जर्मनीत असेल, रावेरातही आहे. पडदा वीत-दीड वीत अंतरावर असतो, म्हणजे वाचायचा चष्मा लावावा लागतो. समोरचं बघायला तोच चष्मा काढावा लागतो. काचेच्या व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य डोळ्याला मीटरभर किंवा त्याहून लांबचं असल्यासारखं पोचतं, चष्म्याची उठाठेव करावी लागत नाही. कॅननच्या जी मालिकेत तर नंबर जुळवायची छोटी चकती होती. तुमचे गिऱ्हाईक म्हातारे होत चालले आहेत. ज्यांच्याकडे कॅमेरा घ्यायला पैसे आहेत त्यांच्यातले बहुतेक चाळिशीच्या पुढचे आहेत, हे तुमच्या विक्री विभागाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

विक्रीचा विषय निघालाच आहे तर तोही बोलतो. तुमच्याच ‘सीपा’ या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यात फार मोठा वाटा कॉम्पॅक्टचा होता. २०२३ साली सगळे मिळून ७७ लाखांच्या आसपास, त्यात कॉम्पॅक्ट जेमतेम १७ लाख. व्ह्यूफाइंडर काढला म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही, मोबाइलमुळे झालं. पण मोबाइलशी सामना करताना तुम्ही काय केलंत? पातळ अंग, मोठा पडदा, पाठीवर बोटाने दाबायचं. म्हणजे मोबाइलजवळ जे आहे तेच. आणि मोबाइलच्या अंगात जे कधीच बसणार नाही, ते काढून टाकलंत. मोबाइलचा पडदाही उन्हात धडपडतो. आजचे चांगले फोन खूप उजळ होतात, पण तापले की स्वतःला वाचवण्यासाठी पडदा मंद करतात. ४४ अंशांत बागेत दहा मिनिटं उभं राहिल्यावर फोनचा पडदा काळवंडतो हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे. नेमक्या त्या जागी तुमचा कॅमेरा उपयोगाला येऊ शकला असता.

खर्चाचं कारण तर मला आता पटतच नाही. इन्स्टॅक्स मिनीसारख्या झटपट फोटोच्या कॅमेऱ्यांना व्ह्यूफाइंडर आहे. कॅम्प स्नॅप नावाचा एक स्वस्त डिजिटल कॅमेरा निघालाय, त्याला पडदाच नाही, नुसती काचेची खिडकी. कोडॅकचं नाव लावून २०२५ साली आलेल्या, किल्लीला अडकवायच्या चार्मेरालासुद्धा बघायला खिडकी आहे. खेळण्याला परवडतं ते कॅमेऱ्याला का परवडू नये? पेंटॅक्स १७ हा फिल्मचा नवा कॅमेरा रिकोने २०२४ साली ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरसह काढला. म्हणजे ही विद्या तुमच्या कारखान्यात जिवंत आहे. फुजीफिल्मने २०११ पासून एक्स१०० मालिकेत काच आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही एकत्र दिलं, आजही देतात, आणि २०२५ च्या एक्स हाफमध्येही काचेची खिडकी ठेवली. याबद्दल त्यांचे मनापासून आभार. पण एक्स१००ची किंमत लाखाच्या वर आहे. आमच्या भागातला फोटोवाला त्या पैशात दुकानाचं भाडं भरतो.

रिकोच्या मंडळींना एक वेगळी विनंती. तुमचा जीआर खिशात मावतो आणि त्याला वर लावायचा वेगळा काचेचा व्ह्यूफाइंडर तुम्ही विकता. तो लावला की कॅमेरा खिशात जात नाही, काढला की हरवतो. तोच अंगात बसवा.

मला हवा असलेला कॅमेरा अवघड नाही. झूम तीनपट पुरे, नाहीतर झूम नसलेला ३५ मिलिमीटरच्या आसपासचा एकच कोन द्या, म्हणजे दातेरी यंत्रणेचा खर्चही वाचेल. खिडकीतून निदान ८० टक्के चौकट दिसावी. जवळच्या फोटोसाठी काचेवर दुरुस्तीच्या रेघा असाव्यात. नंबर जुळवायची चकती असावी आणि शेजारी तो हिरवा दिवा. पडदा अडीच इंचाचा चालेल, पण तो बंद करायला मेनूच्या चार पायऱ्या नकोत, बोटाला सापडणारं एक खरं बटण हवं. फटींतून धूळ आत जाऊ नये आणि चीक पुसता येईल असं अंग असावं. सेन्सर फार मोठा नको. किंमत २५-३० हजारांच्या आत ठेवलीत तर दुकानांतून विचारणा होईल याची मला खात्री आहे.

चाचणी मात्र वातानुकूलित खोलीतल्या दिव्यांखाली करू नका. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात नमुना घेऊन या, भुसावळला उतरा, पुढे रावेरला आणायची आणि बाग दाखवायची जबाबदारी माझी. सकाळी दहा ते दुपारी चार, पांढरा सदरा घालून, सूर्य पाठीशी ठेवून काम करा. चाळिशी उलटलेल्या एखाद्या अभियंत्याला बरोबर आणा.

आणि नवा कॅमेरा यायला वेळ लागणार असेल, तर तोवर एक काम करा. आमच्यापैकी बरेच जण अजून तुमचे जुने, खिडकीवाले कॅमेरे सांभाळून वापरतो. अलीकडे तरुण मुलंही ते जुन्या बाजारातून शोधून घेत आहेत. त्यांच्या अस्सल बॅटऱ्या मिळेनाशा होतात, आणि बाजारातल्या बिननावाच्या बॅटऱ्या आमच्या उन्हात फुगतात. त्या मॉडेलांच्या बॅटऱ्या आणि चार्जर पुन्हा बनवून द्या, किंवा कुणाला तरी रीतसर बनवायची परवानगी द्या. झूमचा व्ह्यूफाइंडर आतून धुळीने भरला तर तो उघडून पुसायची माहिती दुरुस्तीवाल्यांना खुली करा. जळगावात, धुळ्यात हे काम करणारे हात अजून आहेत.

आपला,
रावेर तालुक्यातील एक फोटोग्राफर